मोती, मोहरा आणि खुर्दा : झापोरिझ्झियाच्या प्रतिहल्ल्याचे पाच महिने

इंदूरच्या राजेंद्र नगरात दर रविवारी सकाळी आमच्या ओसरीवर चार जण जमतात. महूत पायदळाच्या प्रशिक्षणात आयुष्य घालवून निवृत्त झालेले मेजरसाहेब, भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या ताई, संगणकावर उपग्रहचित्रं उघडून बसणारा माझा भाचा आणि बँकेत छत्तीस वर्षं काढलेला मी. २०२३च्या जूनपासून नोव्हेंबरपर्यंत युक्रेनच्या दक्षिणेकडच्या प्रतिहल्ल्याबद्दल आम्ही एक वही ठेवली. झापोरिझ्झिया प्रांतात रशियाची फळी फोडून अझोवच्या समुद्राकडे जायचं, हा त्या हल्ल्याचा मूळ उद्देश. त्या दिवशी काय माहीत होतं, त्यावरून काय वाटलं आणि का वाटलं, हे तारखेनिशी लिहायचं आणि नंतर खोडायचं नाही, एवढाच नियम. एका ठिकाणी आम्ही चुकलो आणि ती चूक मी कॉलनीच्या गणेशोत्सवात दीडशे माणसांसमोर बोलून बसलो. ती कशी झाली ते नीट मांडावं म्हणून हे प्रकरण लिहीत आहे.

वहीला तीन रकाने होते आणि त्यांची नावं पानिपतच्या बातमीतून घेतलेली. १४ जानेवारी १७६१ला लढाई झाली. उत्तरेकडे निघालेल्या नानासाहेब पेशव्यांच्या हाती सावकारी भाषेतलं पत्र पडलं, ते आपल्यातल्या बहुतेकांना ठाऊक आहे: दोन मोती गळाले, सत्तावीस मोहरा हरवल्या, रुपये-खुर्दा किती गेला त्याची गणती नाही. या ओळीतलं दुःख आपण नेहमी वाचतो. बँकेत काम केल्यामुळे असेल, मला तिच्यातली शिस्तही दिसते. जे नक्की कळलं होतं ते नावानिशी ओळखता येईल असं सांगितलं. जे मोजता आलं त्याचा आकडा दिला. जे मोजता येत नव्हतं तिथे आकडा न घालता गणती नाही म्हटलं. होळकरांच्या गावातल्या माणसाला याचं मोल जास्त कळतं, कारण त्या दिवशी मल्हारराव मैदानातून कधी आणि का निघाले यावर तुटपुंज्या कागदांच्या आधारे अडीचशे वर्षं वाद चालू आहे.

तर आमचे रकाने असे. मोती म्हणजे दोन्ही बाजूंनी मान्य केलेली किंवा ज्याला ती सांगून तोटाच आहे त्याने सांगितलेली गोष्ट. मोहरा म्हणजे छायाचित्रावरून एकेक मोजता येणारी गोष्ट: रणगाडे, चिलखती गाड्या, तोफा. आणि खुर्दा म्हणजे माणसं, दारूगोळा, थकवा, मनोधैर्य. दोन्ही देशांच्या यंत्रणा शत्रूच्या हानीचे आकडे नेमाने जाहीर करत होत्या, म्हणजे खुर्द्याचीच गणती करत होत्या. ते आकडे आम्ही वहीत घेतले नाहीत. प्रत्यक्षात ते खरे असतीलही, पण पडताळायची सोय नसलेला आकडा एकदा बेरजेत शिरला की बाहेर काढता येत नाही.

जून

हल्ला ४ जूनच्या सुमाराला सुरू झाला. युक्रेनने सैनिक ओठांवर बोट ठेवून उभे असलेली चित्रफीत काढून आधीच सांगितलं होतं की घोषणा होणार नाही. झेलेन्स्कींनी १० जूनला प्रतिहल्ल्याच्या हालचाली चालू असल्याचं मान्य केलं. मधल्या सहा दिवसांत जगाला जे दिसलं ते जवळपास सगळं रशियाने दाखवलेलं होतं. ६ जूनला काखोव्का धरण फुटलं आणि निम्मं लक्ष तिकडे गेलं. त्याच सुमाराला रशियाच्या संरक्षण मंत्रालयाने लेपर्ड रणगाडे उडवल्याची म्हणून एक चित्रफीत दिली. तिच्यातली यंत्रं शेतीची असल्याचं खुद्द रशियन युद्धवार्ताहरांनीच दाखवून दिलं. त्यानंतर दोन-तीन दिवसांत माला तोकमाच्काजवळची चित्रं आली आणि ती मात्र खरी होती. एका शेतात सुरुंगात अडकलेले युक्रेनचे लेपर्ड रणगाडे आणि ब्रॅडली या अमेरिकी चिलखती गाड्या दाटीने उभ्या होत्या.

११ जूनच्या रविवारी भाचा म्हणाला, "मामा, हे संपलं. पहिल्याच आठवड्यात हे हाल."

मेजरसाहेबांनी त्याच्याकडून तीच चित्रं मागून घेतली आणि एकेक गाडी ओळखायला बसवलं. वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या कोनांतून घेतलेली ती बरीचशी चित्रं एकाच जागेची होती. दहा चित्रं म्हणजे दहा पराभव असं मन धरून चालतं. इथे पराभव एक होता, मोठा होता आणि दहा वेळा दिसला होता. हानी झालेली वाहनं छायाचित्रांवरून मोजणाऱ्या ओरिक्स या डच गटाची पद्धत हीच: प्रत्येक वाहन एकदाच धरायचं.

पण मेजरसाहेबांना दुसरंच काही टोचत होतं. त्या गाड्यांत फिनलंडने दिलेली लेपर्ड २आर होती, म्हणजे सुरुंग साफ करत पुढे जाणारी खास वाहनं. ते म्हणाले, "रणगाडा गेला तर दुसरा येईल. हे मोजकेच असतात. वाट करणारा गेला तर मागची रांग कितीही लांब असो." स्फोटकांची दोरी रॉकेटने सुरुंगांच्या पट्ट्यावर फेकून उडवली की साधारण १०० मीटर लांबीची वाट होते, हे त्यांनी अंगणात पावलं टाकून दाखवलं. झापोरिझ्झियात कित्येक जागी पट्टे ५०० मीटरपर्यंत खोल होते. म्हणजे एका पट्ट्याला पाच वेळा तेच काम, वरून तोफा आणि रशियाच्या का-५२ या लढाऊ हेलिकॉप्टरांचा मारा होत असताना. जूनमध्ये वाचलेल्या कुठल्याही लेखापेक्षा ती अंगणातली पावलं मला जास्त समजावून गेली.

त्या दिवशीची नोंद: "एक झटका सिद्ध. मोहिमेचा निकाल सांगता येत नाही. सुरुंगवाहनं किती उरली ते महत्त्वाचं." ती नोंद मला आजही बरोबर वाटते.

तुलना कशाशी

जुलैत आम्ही सगळ्यात जास्त वेळ एकाच गोष्टीवर घालवला आणि पुढची चूकही तिथेच रुजली. एखादी मोहीम मंद आहे की नाही, हे कशाच्या मानाने?

समोर दोन नमुने होते, दोन्ही २०२२चे. पहिला खार्किवचा. ६ सप्टेंबरला हल्ला सुरू झाला आणि १० तारखेपर्यंत बालाक्लिया, कुप्यान्स्क, इझ्युम ही गावं हातून जाऊन रशियाची फळी कोसळली. दुसरा खेरसनचा. २९ ऑगस्टला घोषणा झाली, मग आठवड्यामागून आठवडे नकाशा जागचा हलेना. युक्रेनच्या हानीच्या बातम्या येत राहिल्या, मोहीम फसली असं जाणकारही म्हणू लागले. आणि ९ नोव्हेंबरला रशियाने माघारीचा हुकूम काढला, ११ तारखेला युक्रेनचं सैन्य शहरात होतं.

मी खेरसनच्या बाजूने जोरात बोलत होतो. नकाशा सगळ्यात शेवटी हलतो, तोवर आतून पोखरण चालू असते, असं माझं म्हणणं. आजारी कर्जखातं बाहेरून व्यवस्थित दिसतं, हप्ते येत असतात आणि एका तिमाहीत सगळं बसतं, हे मी डोळ्यांनी पाहिलेलं. जुलैच्या मध्यात त्याला बळ देणारा एक खरा मोती हाती आला. रशियाच्या ५८व्या सैन्याचा सेनापती जनरल पोपोव याला पदावरून काढलं आणि त्याचा आवाज असलेली ध्वनिफीत बाहेर आली. शत्रूच्या तोफा शोधून उलट मारा करण्याची साधनं नाहीत, आपली माणसं तोफखान्याने मरत आहेत, हे मी वर सांगितलं, असं तो म्हणत होता. ज्या आघाडीवर आम्ही डोळे लावून होतो तिथलाच सेनापती आणि स्वतःच्या बाजूविरुद्ध साक्ष देणारा. याहून चांगला पुरावा बाहेरच्या माणसाला क्वचित मिळतो.

ताईंनी त्या दिवशी पाटीवर दोन चित्रं काढली. खेरसनच्या चित्रात रशियन सैन्याच्या पाठीशी निप्रो नदी. हायमार्स रॉकेटांनी अँतोनिव्काचा पूल निकामी झाला, मग सगळी रसद तराफ्यांवर आली. पुढे कितीही पक्के खंदक असोत, मागून पाव आणि गोळे येईनात. झापोरिझ्झियाच्या चित्रात युक्रेनच्या ताब्यातलं ओरिखिव, खाली रशियाच्या ताब्यातलं रोबोटिने, त्याखाली तोकमाक, मेलितोपोल आणि शेवटी अझोवचा समुद्र. मधे सपाट जमीन, रस्ते आणि रेल्वे. त्यांनी खडू खाली ठेवला आणि विचारलं, "खेरसनला नदीने काम केलं. इथली नदी कुठली?"

मी उत्तर दिलं: चोन्हार. क्रीमियाहून येणारी रसद ज्या अरुंद जागेवरून येते तिथल्या पुलावर २२ जूनला क्षेपणास्त्रांचा मारा झाला होता, १७ जुलैला क्रीमियाला रशियाशी जोडणाऱ्या केर्चच्या पुलावर समुद्री ड्रोनांनी हल्ला झाला होता. युक्रेन नदी तयार करत आहे, असं मी म्हणालो. वाक्य सगळ्यांना आवडलं. मलाही आवडलं. ताईंनी मान हलवली, पण पाटीवर मारिउपोलकडून किनाऱ्याने मेलितोपोलला येणारा रस्ता काढून ठेवला आणि काही न बोलता बसल्या. तो रस्ता कुठल्याही पुलावर अवलंबून नव्हता. मी त्याकडे पुरेसं पाहिलं नाही.

२३ जुलैला आम्ही पुढच्या खुणा ठरवल्या, म्हणजे घटना घडल्यावर तिचा अर्थ आपल्या मनासारखा लावायला जागा राहू नये. मुख्य खंदक आणि रणगाडे अडवणाऱ्या काँक्रीटच्या दातांच्या रांगेपलीकडे युक्रेनच्या गाड्या जातात का, आणि एकदा जाऊन थांबतात की रोज ये-जा करतात? रशिया राखीव दलं कुठून आणतो आणि जिथून आणतो तिथे ढिलाई येते का? तोकमाक या रशियाच्या रसदीच्या ठाण्यातून रसद हलवली जाते का? मुदत ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत, कारण त्यानंतर पाऊस आणि चिखल. तोकमाक वर्षअखेर युक्रेनच्या हाती येण्याची शक्यता दहात तीन, असं लिहून चौघांनी सही केली.

उपग्रह काय दाखवतो

भाच्याच्या कामाबद्दल थोडं सांगायला हवं, कारण लोकांना वाटतं की वरून सगळं दिसतं. युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहांची चित्रं कोणालाही फुकट मिळतात, साधारण पाच दिवसांनी एकदा, ढग नसले तर. त्यातला एक ठिपका म्हणजे दहा मीटरचा चौकोन. खंदकाची नवी रेघ कळते, जळलेलं शेत कळतं, रणगाडा कळत नाही. नासाच्या फर्म्स या नकाशावर आगीचे लाल ठिपके जवळपास रोज मिळतात आणि त्यावरून लढाई कुठे पेटली याचा अंदाज लोक बांधत होते. एका रविवारी भाच्याने तोच नकाशा मागच्या एप्रिलच्या तारखेला आपल्या माळव्यावर आणून दाखवला. देवास, उज्जैन, सीहोर लालभडक. युद्ध नव्हतं, गव्हानंतरची नरवाई जाळत होते. युक्रेनमध्येही जुलै-ऑगस्टात कापणी होते. तेव्हापासून लाल ठिपका आम्ही एकट्याने कधी मानला नाही. त्या जागेची, ओळखीच्या खुणांवरून पडताळलेली चित्रफीत सोबत असेल तरच घेतला.

आणि त्या चित्रफितींची स्वतःची एक अडचण. एखाद्या गावात युक्रेनच्या सैनिकाची चित्रफीत आली की तो तिथे पोहोचला एवढंच सिद्ध होतं, तो तिथे राहिला हे नाही. डीपस्टेट या युक्रेनी गटाचा नकाशा आणि अमेरिकेतल्या युद्ध-अभ्यास संस्थेचा नकाशा यांत कधी कधी काही दिवसांचं अंतर पडायचं, ते याच फरकामुळे. आम्ही दोन्हींतला जास्त सावध नकाशा धरायचो.

ऑगस्ट-सप्टेंबर : चूक

युक्रेनने २७ जुलैला स्तारोमायोर्स्के आणि १६ ऑगस्टला उरोझायने ही गावं घेतली. मग २८ ऑगस्टला युक्रेनच्या उपसंरक्षणमंत्री हान्ना मालियार यांनी रोबोटिने मुक्त झाल्याचं जाहीर केलं. जूनच्या सुरुवातीला ज्या गावाच्या अलीकडे गाड्या जळाल्या होत्या ते गाव घ्यायला बारा आठवडे लागले होते. पण त्याच सुमाराला रशियाने आपली ७६वी छत्रीधारी डिव्हिजन लुहान्स्क प्रांतातल्या क्रेमिन्नाकडून काढून रोबोटिनेकडे आणली, म्हणजे आमची दुसरी खूण अर्धी पुरी झाली होती. सप्टेंबरच्या सुरुवातीला या आघाडीचे युक्रेनी सेनापती जनरल तार्नाव्स्की यांनी पहिली फळी फोडल्याचं सांगितलं. पुढे त्याच महिन्यात रोबोटिनेच्या पूर्वेच्या वेर्बोवे गावाजवळ काँक्रीटच्या दातांपलीकडे युक्रेनच्या चिलखती गाड्या दिसल्याची चित्रंही आली.

मी वहीत शक्यता तीनावरून चार केली. मेजरसाहेबांनी सही केली नाही. ते म्हणाले, "गाडी दिसली म्हणता. खुणेत लिहिलंय रोज ये-जा. ये-जा कुठे आहे?" मी म्हटलं, सुरुवात अशीच होते. राखीव दलं आली म्हणजे शत्रू घाबरला, असंही म्हटलं. त्यांनी विचारलं, "आणि क्रेमिन्ना ढिली पडली का?" नव्हती पडली. उलट नव्याने उभारलेलं एक रशियन सैन्य लुहान्स्ककडे येत होतं.

आमच्या खुणा स्पष्ट होत्या, मीच त्या सैल वाचल्या. "गाड्या पलीकडे गेल्या" ही खूण मी पुरी धरली, "राहिल्या का" हा भाग गाळला. "राखीव दलं आली" हे धरलं, "मागे ढिलाई आली का" हे सोडलं. खेरसनची आठवण इतकी ताजी होती की थोडा धीर धरला की तेच होईल असं मनाने ठरवून टाकलं होतं. शिवाय पोखरण चालू आहे या म्हणण्यात एक मोठा दोष होता, तो मला उशिरा दिसला. नकाशा हलला तर ते खरं, नकाशा हलला नाही तरी ते खरं. काय झालं तर हे म्हणणं खोटं ठरेल, हे मी कधीच लिहिलं नव्हतं. पोपोवची साक्ष खरी होती. पण रशियाची माणसं मरत आहेत एवढंच त्यातून कळत होतं. युक्रेनची किती मरत आहेत, तेही खुर्द्यातच होतं, आणि पोखरण कोणाची जास्त हे दोन्ही बाजूंचा खुर्दा कळल्याशिवाय सांगता येत नाही.

२४ सप्टेंबरला गणेशोत्सवातलं व्याख्यान होतं. दोनच दिवसांपूर्वी क्रीमियातल्या सेव्हास्तोपोलमधल्या काळ्या समुद्रातल्या रशियन आरमाराच्या मुख्यालयावर क्षेपणास्त्रं पडली होती, त्याआधी १३ तारखेला सुक्या गोदीत एक पाणबुडी आणि एक मोठं जहाज निकामी झालं होतं. सभेत उत्साह होता. समुद्रावर युक्रेनचं काम खरोखर चांगलं चाललं होतं, रशियाची जहाजं नोव्होरोसिस्ककडे हटत होती. मी ते सांगितलं आणि त्याच ओघात म्हणालो की जमिनीवरही वाट फुटण्याची शक्यता चांगली आहे. समुद्रावरचं यश मी तोकमाकच्या खात्यात जमा केलं. एका खात्यातली जमा दुसऱ्या खात्यात दाखवली तर बँकेत नोकरी जाते.

पुढच्या ओळीतल्या एका आजींनी विचारलं होतं, "रोबोटिने ते तोकमाक किती लांब?" मी म्हटलं, वीस-पंचवीस किलोमीटर, राजवाड्यापासून महू जितकं. त्या म्हणाल्या, "मग तीन महिन्यांत कितीसे चालले ते?" मी हसून पुढचा प्रश्न घेतला. त्यांचा प्रश्न थांबून घ्यायला हवा होता.

ऑक्टोबर

१० ऑक्टोबरला रशियाने पूर्वेला दोनेत्स्कजवळच्या अवदिइव्कावर मोठा हल्ला चढवला. त्यात रशियाची चिलखती वाहनं भरमसाट गेली, हे मोहरांच्या रकान्यात स्पष्ट मोजता आलं. अनेकांनी त्यावरून रशिया किती वाया घालवतो आहे असं लिहिलं. आमच्या वहीला त्यातली वेगळी गोष्ट महत्त्वाची होती. रोबोटिनेला खरोखर तुटायची पाळी आली असती तर रशियाने ही सगळी वाहनं आणि माणसं तिकडे नेली असती. दुसरीकडे नवा हल्ला सुरू करण्याइतकं बळ त्याच्याकडे शिल्लक होतं. राखीव दलांचा प्रश्न निकालात निघाला होता, आणि त्याला कुठल्याही गुप्त माहितीची गरज पडली नव्हती.

१५ ऑक्टोबरची नोंद मीच लिहिली. "तोकमाक वर्षअखेर येणार नाही. मोहीम मूळ उद्देशात अयशस्वी. शक्यता शंभरात पाचाहून कमी. सप्टेंबरमधली वाढ चुकीची, कारण खुणा अर्ध्याच वाचल्या." या वेळी चारही सह्या झाल्या. दोन दिवसांनी रशियाच्या ताब्यातल्या बेर्द्यान्स्कच्या विमानतळावर अमेरिकी एटाकम्स क्षेपणास्त्रांनी रशियाची हेलिकॉप्टरं नष्ट झाल्याची बातमी आली. जूनमध्ये मेजरसाहेबांनी ज्यांचं नाव घेतलं होतं तीच हेलिकॉप्टरं. त्यांनी बातमी वाचून वर्तमानपत्र घडी घालून ठेवलं आणि म्हणाले, "चार महिने उशिरा."

१ नोव्हेंबरला युक्रेनचे तेव्हाचे सरसेनापती झालुझ्नी यांनीच एका मुलाखतीत स्पष्ट सांगितलं की पहिल्या महायुद्धासारखी कोंडी झाली आहे आणि खोल, देखणं खिंडार बहुधा पडणार नाही. पाच महिन्यांत सैन्य पुढे सरकलं होतं १७ किलोमीटर. राजवाड्याहून निघालं तर राऊ ओलांडून महूच्या अलीकडे. हा मोती होता, आणि तो अशा माणसाच्या हातून आला होता ज्याला तो देताना सर्वांत जास्त त्रास झाला असेल. ती मुलाखत वाचून मला त्या आजींचा प्रश्न आठवला. मी त्यांच्या घरी जाऊन उत्तर दिलं. माझं तेव्हा चुकलं होतं, तुम्ही बरोबर विचारलं होतंत, हेही सांगितलं. त्यांनी वही बघायला मागितली आणि सगळी वाचून खुर्द्याच्या कोऱ्या रकान्यावर बोट ठेवलं. "इथे माणसं आहेत ना?" मी हो म्हटलं.

नोव्हेंबरच्या मध्यात निप्रोच्या डाव्या तीरावरच्या क्रिंकी गावातल्या युक्रेनी तुकडीला दोन्ही बाजूंनी दुजोरा मिळाला. पुन्हा उत्साह, पुन्हा बाणांचे नकाशे. ताईंनी नवं पान काढलं, वर तारीख घातली आणि मला दाखवण्याआधी एक रेघ ओढली: नदी. मग तिच्या पलीकडे क्रिंकीचा ठिपका. या वेळी नदी रशियाच्या पाठीशी नव्हती. जे तिथे उतरले होते त्यांच्या पाठीशी होती, आणि त्यांचा पाव, गोळे आणि जखमी याच पाण्यावरून होडीने ये-जा करणार होते.